रुमालाखालचा पगार

"तुझा पगार किती?" हा प्रश्न आपल्याकडे दोनच वेळा सरळ विचारला जातो. एकदा रिश्ता जुळवताना आणि एकदा नव्या नोकरीच्या मुलाखतीत. दोन्ही वेळा उत्तर थोडं वाढवून दिलं जातं. एरवी विषय निघालाच तर "अल्लाहचा करम आहे, चाललंय" म्हणून आपण मोकळे होतो. घरातल्या मोठ्यांनी शिकवलेलं असतं की कमाई चारचौघांत बोलू नये, नजर लागते. कंपनीच्या ऑफर लेटरमध्ये छापलेलं असतं की वेतनाचा तपशील गोपनीय आहे, सहकाऱ्यांना सांगू नये. सल्ला दोघांचा एकच. फरक इतकाच की दादीचा हेतू चांगला असतो.

जनावरांच्या बाजारात दलाल हातावर रुमाल टाकून, त्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी सौदा कितीला झाला ते कुणाला कळत नाही. शेतमालाच्या बाजारातही एकेकाळी असंच चालायचं. त्यात शेतकरी नाडला जातो म्हणून बाजार समित्या आल्या, उघड लिलाव आले. आता किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर रोज जाहीर होतात. बाजार समित्यांत काय काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी त्यांची वकिली करत नाही. पण लासलगावला कांदा घेऊन जाणाऱ्याला निदान कालचा भाव ठाऊक असतो. त्याचाच बी.ई. झालेला मुलगा हिंजवडीत स्वतःच्या आयुष्याची वर्षं विकायला जातो, तेव्हा त्याला कालचा भाव ठाऊक नसतो. तो रुमालाखाली हात घालतो आणि समोरचा सांगेल ते बोट मोजून येतो.

गेली बारा वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. या क्षेत्रातल्या लोकांनी आपापल्या पगाराचे आकडे स्वतः गोळा केले पाहिजेत, नाव न सांगता, नीट रीतीने आणि दरवर्षी. हे काम सरकार करणार नाही, कंपन्या तर नाहीच नाही. आणि ते न करण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्याच्या घरात, मोहल्ल्यात, नात्यागोत्यात या क्षेत्रातलं कुणीच नाही, त्याला ती सर्वांत जास्त पडते. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना.

आधी एक गैरसमज बाजूला करू. तुमचा पगार गुप्त नाही. तो एचआरला माहीत आहे, पगारपत्रक बनवणाऱ्या बाहेरच्या कंपनीला माहीत आहे, बँकेला, पीएफ ऑफिसला आणि आयकर खात्याला माहीत आहे. नोकरी बदलायला गेलात की नवी कंपनी शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागते आणि तुम्ही निमूट अपलोड करता. पार्श्वभूमी तपासणारी तिसरीच संस्था तो आकडा पडताळून पाहते. याशिवाय मर्सर, एऑन यांसारख्या मोठ्या सल्लागार संस्था आहेत. त्यांचा धंदाच हा आहे: कंपन्यांकडून पदवार, शहरवार, अनुभववार पगाराचे आकडे घ्यायचे, एकत्र करायचे आणि तो तक्ता कंपन्यांनाच विकायचा. एचआरची बाई गोड आवाजात "हे मार्केट स्टँडर्डनुसार आहे" म्हणते, तेव्हा तिच्यासमोर असाच एखादा तक्ता असतो. कदाचित तुमचा स्वतःचा आकडाही त्यात जमा असेल. इतक्या सगळ्यांना जो आकडा कळतो, तो फक्त एकाच माणसापासून लपवायचा असतो: तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तेच काम करणाऱ्यापासून.

म्हणजे पगाराची माहिती गोळा करणं चांगलं की वाईट, हा प्रश्नच उरत नाही. ती गोळा होतेच आहे. फक्त टेबलाच्या एकाच बाजूला.

एका बाजूला माहिती साठली की काय होतं, याचं उदाहरण सिलिकॉन व्हॅलीत आहे. अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अडोबी या बड्या कंपन्यांनी एकमेकांचे इंजिनिअर फोडायचे नाहीत असे आपापसांत समझोते केले होते. २०१० मध्ये अमेरिकी न्याय खात्याने त्यावर कारवाई केली. पुढे सुमारे ६४ हजार कर्मचाऱ्यांच्या वतीने खटला चालला आणि २०१५ मध्ये या चार कंपन्यांनी ४१ कोटी ५० लाख डॉलर देऊन तो मिटवला. जगातल्या सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या इंजिनिअरांना आपला भाव दाबला जातोय हे वर्षानुवर्षं कळलं नव्हतं, कारण भाव काय असू शकला असता हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे इतक्या मोठ्या कटाची गरजही पडत नाही. एक साधा प्रश्न पुरतो: "सध्याचा सीटीसी किती?"

मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसलो आहे. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, सगळीकडे हेच चालतं. जागा मंजूर होते तेव्हा तिच्यासाठी पगाराचा पट्टा ठरलेला असतो, समजा १२ ते १८ लाख. एकाच आठवड्यात दोन मुलं निवडली गेली. माझ्या मते दोघांत डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतं. एकाचा आधीचा पगार १३ लाख होता, त्याला १७ मिळाले. दुसऱ्याचा ७ लाख होता. त्याला पट्ट्याच्याही खाली, साडेनऊ लाख देऊ केले गेले आणि तो खुशीने हो म्हणाला, कारण त्याच्या हिशेबाने त्याला ३५ टक्के वाढ मिळाली होती. बैठकीत "बजेट वाचलं" असं म्हटलं गेलं, कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही. तो मुलगा एका लहान गावातल्या कॉलेजातून आला होता. पट्टा असतो, हेच त्याला माहीत नव्हतं.

टक्केवारीची ही गंमत समजून घ्या. दोघे एकाच वर्षी लागले, एक साडेतीन लाखांवर आणि एक सहा लाखांवर. दोघांना दरवर्षी अगदी न्यायाने, सारखीच १० टक्के वाढ मिळाली. आठ वर्षांनी पहिला साडेसात लाखांवर असतो आणि दुसरा १२ लाख ८६ हजारांवर. सुरुवातीला अडीच लाखांचं अंतर होतं, ते साडेपाच लाखांच्या जवळ गेलं. कुणी कुणावर अन्याय केला नाही, कुणी कुणाचं नाव वाचून तोंड वाकडं केलं नाही. जुना पगार विचारून त्यावर टक्के चढवायचे, एवढ्याच रिवाजाने पहिल्या दिवसाची गरिबी आठव्या वर्षापर्यंत चालत आली. म्हणून तर न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारायलाच बंदी घातली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या निर्देशातही ती बंदी आहे. शिवाय मुलाखतीआधी पगाराचा पट्टा सांगण्याची सक्ती आहे, आणि कर्मचाऱ्याला स्वतःचा पगार इतरांना सांगण्यापासून रोखता येणार नाही हेही आहे. सदस्य देशांना हे आपल्या कायद्यांत उतरवायला जून २०२६ ची मुदत दिली गेली. अमेरिकेत तर आपसांत पगाराबद्दल बोलण्याला १९३५ च्या कामगार संबंध कायद्याचं संरक्षण आहे. तितकं स्पष्ट कलम आपल्याकडे नाही, म्हणून सावधपणे वागावं लागेल. त्याबद्दल पुढे बोलू.

पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरातल्या मुलाला या तक्त्याची फारशी गरज नसते. त्याचा मामा आयटीत असतो, बहीण बंगळुरूला असते, वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईवडील याच क्षेत्रात असतात. ऑफर आली की तो तीन फोन करतो आणि अर्ध्या तासात त्याला सर्वसाधारण दर कळतो. मालेगावच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या, मिरजेत गॅरेज चालवणाऱ्या किंवा परभणीत फळांचा गाडा लावणाऱ्या बापाच्या मुलीने कुणाला फोन करायचा? अब्बांना बाजाराची समज तिच्यापेक्षा जास्त असते. घासाघीस कशी करावी ते त्यांनीच तिला शिकवलं असतं. पण या मालाचा भाव त्यांना माहीत नाही. ती कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारते आणि तिथे उत्तर येतं: मिळतंय ते घे.

आणि आपण या मुलीला काय देतो? सत्कार. दहावी-बारावीच्या गुणगौरवासारखा आता पॅकेजचा गुणगौरव सुरू झाला आहे. "आपल्या शहरातील तरुणास ४० लाखांचे पॅकेज" असा फ्लेक्स लागतो, शाल पडते, फोटो निघतो. मुलाचं कौतुक व्हावंच. पण बाजार समितीने किमान आणि सर्वसाधारण दर झाकून फक्त कमाल दर फळ्यावर लिहिला, तर शेतकरी फळा फोडेल. क्लासवाले आणि खासगी कॉलेजं नेमका तोच धंदा करतात. "हायेस्ट पॅकेज" म्हणजे एका मुलाचा पगार. तो बहुतेक वेळा परदेशातल्या जागेचा असतो, शेअर्स आणि बोनस धरून सांगितलेला असतो. त्या आकड्याकडे बघून बाप कर्ज काढतो.

खरा आकडा शोधणं अवघड नाही, आणि हे मला विशेष सांगायचं आहे. कॉलेज एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत भाग घेत असेल, तर त्याला किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे भरून द्यावं लागतं आणि स्वतःच्या वेबसाइटवरही ठेवावं लागतं. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगारानुसार रांगेत उभं केल्यावर बरोबर मधल्याला मिळणारा पगार. एका ४० लाखवाल्याने तो हलत नाही. सरासरी मात्र हलते: चार मुलांना तीन-तीन लाख आणि एकाला ४० लाख मिळाले तर सरासरी १० लाखांच्या वर जाते, मध्यक तीनच राहतो. आपल्या संस्थांनी पुढच्या वर्षी एक शाल कमी घ्यावी आणि जिल्ह्यातल्या सगळ्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे मध्यक एका कागदावर छापून अ‍ॅडमिशनच्या आधी वाटावेत.

असे आणखी काही आकडे उघड पडलेले आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार वार्षिक अहवालात सांगावं लागतं की संचालकाचा पगार कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या किती पट आहे आणि त्या वर्षी मध्यक पगार किती टक्के वाढला. पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नमुन्यात पुरुष आणि स्त्री कर्मचाऱ्यांचा मध्यक पगार वेगवेगळा द्यावा लागतो. तुमची कंपनी त्यात असेल तर आजच उघडून बघा. तळटीपही वाचा, कारण परदेशातले कर्मचारी त्यात धरले असतील तर आकडा फुगतो.

सर्वांत मजेशीर तक्ता अमेरिकी सरकारचा आहे. एच-वन-बी व्हिसासाठी कंपनीला आधी तिथल्या कामगार खात्याकडे अर्ज करावा लागतो. त्या अर्जांचा तपशील ते खातं दर तिमाहीला जाहीर करतं: कंपनी कोण, पद काय, कामाचं शहर कोणतं, देऊ केलेला पगार किती. माणसाचं नाव नसतं. म्हणजे खराडीतला एखादा टेस्टर डॅलसला गेला की त्याच्या खुर्चीचा भाव जगात कुणालाही घरबसल्या वाचता येतो, आणि तोच टेस्टर खराडीत असेपर्यंत त्याचा भाव राष्ट्रीय गुपित असतो. कंपनी तीच, काम तेच. तिथे आकडा उघड केल्याने त्या कंपन्या बुडाल्या नाहीत.

पण सरकारी तक्त्यांनी सगळं भागत नाही. चार वर्षं अनुभव, जावा, पुणे, थर्ड पार्टी पेरोल, अशा माणसाचा दर त्यात सापडणार नाही. तो आपल्यालाच जमवावा लागेल आणि त्यासाठी काही अवाढव्य यंत्रणा लागत नाही. गूगलमध्ये एरिका बेकर या इंजिनिअरने सहकाऱ्यांसोबत एक साधी स्प्रेडशीट सुरू केली. लोक स्वतःहून पगार भरत गेले, आणि त्या आकड्यांच्या जोरावर काहींनी वाढ मागून घेतली, असं तिने २०१५ मध्ये कंपनी सोडल्यावर जाहीरपणे सांगितलं. व्यवस्थापन खूश नव्हतं, हेही तिने सांगितलं. लेव्हल्स डॉट एफवायआय ही आज जगभरचे इंजिनिअर वापरतात ती पगाराची साइट झहीर मोहिउद्दीन आणि झुहैर मुसा या दोघांनी २०१७ मध्ये सुरू केली. कितीतरी काळ तिच्यामागे खरा डेटाबेसच नव्हता. गूगल फॉर्म आणि गूगल शीटवरच ती चालायची. आपल्यातला कुठलाही सेकंड इयरचा पोरगा ते दोन तासांत उभं करेल.

फॉर्म उभा करणं सोपं आहे, बिघडवणं त्याहून सोपं. बिघडलेला तक्ता गप्प बसण्यापेक्षाही वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवून पोरं मुलाखतीत तोंडावर पडतात.

पहिला घोळ सीटीसीचा. हा आकडा पगार नाहीच, तो कंपनीला तुमच्यावर येणारा खर्च आहे. १२ लाखांची ऑफर घ्या. बेसिक निम्मा, म्हणजे सहा लाख. त्यावर कंपनीचा पीएफचा १२ टक्के वाटा ७२ हजार, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे २८,८६० रुपये, विम्याचा हप्ता समजा १५ हजार, आणि १० टक्के व्हेरिएबल म्हणजे एक लाख २० हजार. हे सगळं वजा करा. उरले ९ लाख ६४ हजार, म्हणजे महिना ८० हजारांच्या आसपास. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ सहा हजार आणि व्यवसाय कर २०० रुपये गेले की हातात ७४ हजार. आयकराचा विषय वेगळाच. नेहमीच्या कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. या क्षेत्रात पाच वर्षं एका जागी टिकतो कोण? व्हेरिएबल कंपनीच्या मर्जीवर. आणि हाच मुलगा रिश्त्याच्या बैठकीत "महिन्याला एक लाख" असतो. म्हणून फॉर्ममध्ये सीटीसी विचारूच नका, किंवा विचारलात तरी शेवटी विचारा. आधी विचारा महिन्याचा ठरलेला ग्रॉस पगार किती आणि गेल्या वर्षी व्हेरिएबल प्रत्यक्षात हातात किती आलं. जॉइनिंग बोनस वेगळ्या रकान्यात, कारण तो एकदाच मिळतो आणि वर्षाच्या आत सोडलं तर बहुधा परत करावा लागतो.

मग अनुभव किती, शहर कोणतं, काम कोणतं, कंपनी सेवा देणारी की स्वतःचं उत्पादन बनवणारी, आणि तुम्ही कंपनीच्या पेरोलवर की एखाद्या व्हेंडरच्या. हा शेवटचा रकाना विसरू नका. मोठ्या बँकेचं किंवा नामांकित कंपनीचं कार्ड गळ्यात घालून फिरणारी आपली कितीतरी मुलं प्रत्यक्षात एखाद्या कन्सल्टन्सीच्या पगारावर असतात. घरच्यांनाही ते सांगितलेलं नसतं. त्यांचा आकडा कायम कर्मचाऱ्यांच्या आकड्यात मिसळला तर दोघांचाही दर चुकतो. स्त्री की पुरुष हा रकानाही हवा. आणि आकडा कुठल्या वर्षाचा, हे तर हवंच. २०२१ ची भरती आणि २०२३ ची मंदी एका रांगेत उभ्या राहिल्या तर त्या तक्त्याचा कुणालाच उपयोग नाही.

काय विचारायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. नाव नको, ईमेल नको, फोन नको, ऑफर लेटरचा फोटो तर मुळीच नको. ऑफर लेटर हा कंपनीचा कागद आहे. तो पुढे पाठवला तर तुम्ही नाहक अडकाल. आकडा तुमचा स्वतःचा आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवरून, ऑफिसच्या मेलवरून फॉर्म भरू नका. आणि एखाद्या गटात पाचपेक्षा कमी नोंदी असतील तर तो गट छापायचा नाही, शेजारच्या गटात मिसळायचा. नांदेडच्या एका लहान कंपनीतली सहा वर्षं अनुभवाची एकच डेटा इंजिनिअर असेल तर तिचं नाव न लिहिताही सगळ्यांना कळतं. मूळ नोंदी दोघा-तिघांच्याच हातात राहाव्यात, बाहेर फक्त मध्यक आणि पाव-पाऊण रेषेवरचे आकडे यावेत. जास्तीत जास्त पगार छापायचाच नाही. त्याच्यासाठी फ्लेक्स आहे.

आणि कोण भरत नाही याकडे लक्ष ठेवा. ज्याचा पगार चांगला आहे तो पहिल्या दिवशी फॉर्म भरतो. ज्याचा कमी आहे त्याला लाज वाटते. ज्याची नोकरी गेली आहे त्याला तर वाटतं हा फॉर्म आपल्यासाठी नाहीच. त्यामुळे असा प्रत्येक तक्ता आपोआप वरच्या बाजूला झुकतो. इंटरनेटवरच्या पगाराच्या साइट्सबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. उपाय एकच: फॉर्म ग्रुपवर टाकून थांबायचं नाही. ओळखीतल्या गप्प मुलांना एकेक फोन करायचा. तुमचा आकडा कमी आहे म्हणूनच तो हवाय, हे त्यांना पटवायचं.

आता एक नाजूक मुद्दा. काही मित्रांचं म्हणणं आहे की हा तक्ता फक्त मुस्लिम इंजिनिअरांचा करावा, म्हणजे आपल्यावर होणारा भेदभाव आकड्यांत दिसेल. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. भेदभाव नाही असं मी म्हणत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना पाठवले होते, फक्त नावं वेगळी. दलित आणि मुस्लिम नावांना सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली. भेदभाव मोजायची ती रीत आहे: बाकी सगळं सारखं ठेवा, एकच गोष्ट बदला. आपल्या शे-दोनशे नोंदींमधून तसं काही सिद्ध होणार नाही. उलट धर्माचा रकाना टाकला की फॉर्म भरणारे घटतील आणि भरणारे ओळखू येतील. आणि फक्त आपल्याच मुलांचे आकडे जमवले तर आपल्याला कळेल काय? आपण एकमेकांना किती स्वस्तात विकले गेलो, एवढंच. सर्वसाधारण दर कळायला सगळ्यांचा माल फळ्यावर लागतो. शेजारच्या खुर्चीवरचा पाटील, कांबळे, देशमुख, डिसूझा यांचा आकडा आपल्याला हवा आहे आणि त्यांनाही आपला हवा आहे. साताऱ्याच्या खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या कांबळेची गोष्ट मिरजेच्या शेखपेक्षा वेगळी नाही. रकाना टाकायचाच असेल तर दोन टाका: शाळा कोणत्या माध्यमात झाली आणि घरातले तुम्ही पहिले पदवीधर का. बरंच काही त्यातूनच बाहेर येईल.

याला विरोध करणारे म्हणतात की हसद वाढेल, टीममध्ये भांडणं होतील. होतील, थोडी. सारखं काम करणाऱ्या दोघांत पाच लाखांचा फरक असेल तर भांडण आधीपासून तिथे आहे, फक्त एकालाच त्याची खबर नाही. आणि आपण नावानिशी पगार टांगायचं म्हणत नाही आहोत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मला मान्य करावा लागतो. आकडे उघड झाले म्हणजे पगार वाढतातच असं नाही. डेन्मार्कने २००६ मध्ये कंपन्यांना स्त्री-पुरुषांच्या पगाराची आकडेवारी द्यायला लावली. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की दोघांतलं अंतर कमी झालं, पण मुख्यतः पुरुषांची वाढ मंदावल्यामुळे. आपल्या घरचं उदाहरण तर अजून कडू आहे. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांचा फ्रेशरचा पगार कधीच गुप्त नव्हता. अख्ख्या बॅचला एकच आकडा, पेपरात छापून येणारा. २०१० च्या सुमारास तो सव्वातीन लाखांच्या आसपास होता आणि दहा-पंधरा वर्षांनी साडेतीनच्या आसपास, तोही महागाई दुपटीवर गेल्यानंतर. सगळ्यांना माहीत असून काही झालं नाही, कारण दारात उभ्या असलेल्या मुलांची रांग लांब होती आणि फ्रेशरच्या हातात नाही म्हणायची ताकद नव्हती. तक्ता ती ताकद देत नाही. तीन-चार वर्षं अनुभवाच्या माणसाकडे मात्र ती असते. दुसरी ऑफर, ९० दिवसांची नोटीस, प्रोजेक्टची अडलेली मान. त्याला फक्त ती किती आकड्यावर वापरायची हे माहीत नसतं. हा तक्ता त्याच्यासाठी आहे. फ्रेशरचा पगार वाढवायचा असेल तर त्याला संघटना लागेल, आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आकडा हातात आल्यावर तो वापरायचा कसा, हेही सांगतो. "अमक्याला जास्त मिळतात" असं कधीही म्हणायचं नाही. त्याने अमका अडचणीत येतो आणि बोलणं त्याच्यावर घसरतं. म्हणायचं: "पुण्यात पाच वर्षं अनुभवाच्या बॅकएंड इंजिनिअरचा मध्यक अमुक आहे, मला त्याच्या खाली येण्याचं कारण सांगा." सध्याचा पगार विचारला तर आधी "या जागेचा पट्टा काय आहे?" असा उलट प्रश्न करायचा. स्लिपा मागितल्या तर द्याव्या लागतील, खोटं तर अजिबात सांगायचं नाही, पडताळणीत पकडलं जातं आणि ऑफर जाते. पण आकडा तोंडातून पहिला कुणाच्या निघतो यावर बरंच ठरतं. लासलगावला बोली लावतो तो व्यापारी, शेतकरी आधी स्वतःचा खर्च सांगत बसत नाही.

बहुतेक कंपन्यांत वाढीची पत्रं एप्रिल-मेमध्ये येतात आणि वाढ किती द्यायची हे त्याच्या दीड-दोन महिने आधी ठरलेलं असतं. तेव्हा तक्ता जानेवारीत उघडा, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बंद करा, आणि मॅनेजरशी बोलायच्या आधी लोकांच्या हातात द्या. कॉलेजच्या जुन्या बॅचपासून सुरुवात करा, ५० नोंदी झाल्या तरी पहिल्या वर्षाला पुष्कळ. एखाद्या इतवारी दोघांनी बसून फॉर्म बनवा, आणि पहिली नोंद फॉर्म बनवणाऱ्याने स्वतःची भरावी.